तीन दगड जास्त

ओळंबाबाईने चाकाच्या खुर्चीत पहिल्यांदा बसवलं ते वाळूचं घमेलं. दुसऱ्यांदा फुटक्या विटा. तिसऱ्यांदा चुन्याची बादली. स्वतः ती त्या खुर्चीत एकदाही बसली नव्हती आणि बसणारही नाही, असं तिने घरात सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं. पण पैसे मोजून आणलेली वस्तू कोपऱ्यात धूळ खात पडलेली तिला बघवेना. खुर्चीला मागे दांडे होते, खाली चाकं होती, आणि वर वजन टाकलं की ती अशी जमिनीला धरून राहायची की दांडे पकडून चालणाऱ्याने पडायचं म्हटलं तरी पडता येऊ नये. डॉक्टर म्हणाले होते, “चाला, पण पडू नका.” असा सल्ला द्यायला डॉक्टर कशाला लागतो, हे ओळंबाबाईला शेवटपर्यंत कळलं नाही.

ओळंबाबाई हे काही तिच्या आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. तीस वर्षं तिने बांधकामांवर बिगारीचं काम केलं. डोक्यावर मालाचं भरलेलं घमेलं, पायाखाली हलणारी फळी, आणि बाई अशी ताठ चालायची की गवंडी म्हणायचे, भिंत सरळ आहे का ते बघायला ओळंबा सोडायला नको, हिलाच शेजारून चालवत न्या. दोरीला बांधलेल्या त्या लोखंडी वजनाचं नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. पाच महिन्यांपूर्वी ती घराच्या पुढच्या सात पायऱ्यांवरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं, आत लोखंड बसलं, आणि ओळंब्याची दोरी कायमची डावीकडे कलली. उजवा पाय पुढे जायचा, डावा मागून फरफटत त्याच्या शेजारी येऊन थांबायचा. मग पुन्हा उजवा.

खुर्ची आणली तिच्या मुलाने. हा मुलगा घरं बांधायची कामं घ्यायचा, त्याच्या हाताखाली बारा माणसं होती, आणि त्याला सगळे मुकादम म्हणायचे. कामावर मुकादम असायला कुणाची हरकत नाही. पण हा जेवायला बसला तरी मुकादमच असायचा. स्वतः मात्र मालाला हात लावून त्याला दहा वर्षं झाली होती. उंटावरून शेळ्या हाकायच्या, दुसरं काय.

खुर्ची आणली त्याच दिवशी तो मागच्या दारात उभा राहिला आणि परसाकडे हात फिरवून म्हणाला, “आई, ही सगळी माती काढून टाकू. सगळीकडे काँक्रीट करू. माझी गाडी उभी राहील आणि तुझी खुर्चीपण मस्त फिरेल.”

“आणि फाटक?”

“ते जुनं झालंय. तिथे मोठं सरकतं दार लावू, गाडी आत यायला.”

“ते मला सरकेल?”

“तुला कशाला सरकवायचंय? आम्ही नेऊ ना तुला. कुठे जायचंय तेवढं फक्त सांगायचं.”

फक्त सांगायचं! ओळंबाबाईच्या डोक्यात तिडीक गेली. मागचं परस म्हणजे वीस फूट मातीचा तुकडा. पलीकडे कमरेएवढं लोखंडी फाटक, आणि फाटकापलीकडे गल्ली. पुढून जायचं तर मुकादमाने स्वतः घासूनपुसून चकचकीत करवलेल्या त्या सात पायऱ्या होत्या. मागून मात्र एक बुटका उंबरा उतरला की झालं. म्हणजे कुणाला न विचारता या घरातून बाहेर पडायची तिला एकच वाट उरली होती. त्या वाटेवरच आता गाडी उभी राहणार होती.

अडचण मातीचीही होती, हे खोटं नाही. डावा पाय नीट उचलत नसल्यामुळे अंगठा मातीत रुतायचा. व्यायाम घ्यायला येणारी मुलगी म्हणाली होती, “पायाखाली टणक असेल तर तुम्ही चालाल, आजी. मऊ मातीत नको.” मऊ मातीत नको म्हणजे टणक कशावर तरी चालेल, एवढं कळायला ओळंबाबाईला शाळेत जायला लागलं नाही. फाटकापर्यंत दगड मांडायचे. आणि विकत आणायचे तर विचारावं लागणार, म्हणून स्वतःच करायचे.

मुकादमाच्या हातात एक काम चालू होतं, ते संपायला दोन महिने होते. त्यानंतर परसाची पाळी. दोन महिन्यांत तेरा दगड. तेरा हा आकडा तिने कसा काढला ते कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

सिमेंट कुलपात होतं आणि किल्ली मुकादमाच्या खिशात. तिचं सिमेंटवाचून काही अडलं नाही. घराला सफेदी केली तेव्हा उरलेला चुना न्हाणीमागच्या पिंपात वर्षभर पाण्याखाली मुरत पडला होता, लोण्यासारखा मऊ. कुंपणाशी फुटक्या विटा होत्या. त्या तिने उंबऱ्यावर बसून कुटल्या आणि तांबडी भुकटी चाळून घेतली. चुना एक वाटा, भुकटी एक वाटा, वाळू दोन वाटे. पाणी बेतानेच. वाळूत निघालेले गोटे तिने वेगळे काढले, काळे एका डब्यात, पांढरे दुसऱ्यात. आत धरून ठेवायला काथ्या पाहिजे होता, तर सुनेचं दारातलं पायपुसणं उसवलं. साचा म्हणून वाळू चाळायच्या जुन्या चाळण्यांची दोन लोखंडी कडी कामाला आली, जाळी कधीच फाटून गेलेली. आणि माल सपाट करायला थापी नव्हती म्हणून स्वयंपाकघरातलं उलथनं.

उलथनं गायब झालं त्याच दिवशी सुनेला सगळं कळलं.

“आई, हे काय चाललंय?” सून दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. सासूच्या कोपरापर्यंत चुना, खुर्चीत विटा, आणि घमेल्यातल्या मालात रुतलेलं आपलं उलथनं.

“दिसत नाही? दगड करतेय.”

“दगड करतात? मला वाटलं सापडतात.”

“सापडतात ते दुसऱ्याच्या पायाच्या मापाचे असतात.” ओळंबाबाईने मान वर केली नाही. “तीस वर्षं माल कालवला मी, तीस वर्षं वाहिला. थापी एकदा हातात दिली नाही कुणी. बायकांनी कालवायचं, गड्यांनी लावायचं. आता उलथन्याने लावते. तुझ्या नवऱ्याला सांगायचं असेल तर सांग जा.”

सून काही सांगायला गेली नाही. उलट दुसऱ्या दिवशी तिने शेजारच्या अंजिराच्या झाडाची मोठी पानं आणून दिली, वर नक्षी उमटवायला. ही सून तशी बोलघेवडी, पण पोटात गोष्ट ठेवायची असली तर ठेवायची.

पहिला दगड फसला. पान वरच्या अंगाने दाबलं गेलं. पानाच्या शिरा पाठीकडून उठतात, पुढून नव्हे, हे तिला दगड सुटल्यावर आठवलं. नक्षी म्हणून नुसता एक गुळगुळीत डाग उमटला होता. गुळगुळीत म्हटल्यावर ओळंबाबाईला आपल्या सात पायऱ्याच दिसल्या. तिने तो फोडला आणि चुरा पुढच्या मालात घातला. दुसरा दगड चांगला उतरला, पण चुन्याला आठ-दहा दिवस ओलं पोतं पांघरावं लागतं आणि सुनेने ते पोतं घाण दिसलं म्हणून धुवायला नेलं. भर उन्हात दगडाला आरपार चीर गेली. सून रडवेली झाली.

“रडू नकोस. तुझ्या नवऱ्याने पहिली भिंत बांधली तीपण पडली होती,” ओळंबाबाई म्हणाली. “फरक एवढाच की त्याने दोष पावसाला दिला.”

तिसऱ्यापासून हात बसला. पानाची पाठ मालाकडे, वरून उलथन्याची हलकी थाप, कडेने काळे गोटे, मध्ये एखादा पांढरा. दोन दिवसांनी कडं वर ओढायचं, पान सोलून काढायचं, पोतं पांघरायचं आणि सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. भोपळ्याच्या पानाचा दगड खरबरीत निघाला, तो तिला सगळ्यात आवडला. पाय घसरणार नाही म्हणून आवडला. सुनेने त्याचे फोटो काढून मैत्रिणींना पाठवले आणि मैत्रिणींनी विचारलं, हे शोभेचे दगड कुठे मिळतात?

“शोभेचे?” ओळंबाबाई म्हणाली. “माझे पाय शोभेचे आहेत का?”

सून हसली. तिला ते बोलणं थट्टेचं वाटलं.

मुकादमाला पत्ता लागायला पाच आठवडे गेले. एका रविवारी तो गाडी कुठे उभी राहील ते मापायला फीत घेऊन मागे आला आणि पोत्यांची रांग बघून थबकला. एक पोतं उचललं. मग दुसरं. मग तो उकिडवा बसला आणि बोटाच्या पेराने दगडावर टकटक केलं. दगड खणखणीत वाजला. माणूस कितीही मुकादम झाला तरी गवंड्याचा कान जात नाही.

“हे कुणी केलं?”

“आडाने,” ओळंबाबाई उंबऱ्यावरून म्हणाली. “तुझ्या पोहऱ्यातलं कुठून आलं मग?”

चुन्याने तिच्या बोटांची सालं गेली होती, तिकडे तो बघत राहिला. मग आवाज चढला. डॉक्टरांनी काय सांगितलंय? खाली बसायचं नाही सांगितलंय. वजन उचलायचं नाही सांगितलंय. कुणाला विचारून हे केलं? आणि ती खुर्ची किती रुपयांची आहे माहीत आहे का, तिच्यात विटा?

“बसवायला आणली होतीस ना? बसवल्या.”

सुनेने तोंडाला पदर लावला. मुकादम तावातावाने आत निघून गेला. पण संध्याकाळी तो पुन्हा मागे येऊन दगड बघत उभा राहिला, आणि दुसऱ्या दिवशी जेवताना भाताकडे बघत म्हणाला, “काँक्रीट राहू दे सध्या. गाडी मी पुढेच लावीन. तुझे दगड छान झालेत. लावू परसात.”

ओळंबाबाईला वाटलं होतं युद्ध महिनाभर चालेल. एवढ्या लवकर जिंकल्यावर तिला थोडं चुकल्यासारखंच झालं. तरीही ती त्या दिवशी दोन घास जास्त जेवली.

पुढच्या आठवड्यात तिला तपासणीला जायचं होतं. सून बरोबर गेली. मुकादम म्हणाला, मला काम आहे. दवाखान्यात हाडाचा फोटो काढ, रांगेत बस, याला दाखव, त्याला दाखव, असं करत दुपार झाली. परत आल्या तेव्हा मुकादम मागच्या दारात उभा होता, गुडघ्यापर्यंत माती, कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर असा आनंद की बारा माणसांच्या मुकादमाला तो शोभत नव्हता.

“डोळे मिट,” तो आईला म्हणाला.

“मिटते. पण पाडू नकोस.”

तिने डोळे उघडले तेव्हा उंबऱ्यापासून फाटकापर्यंत दगडांची एक रेघ गेली होती. दोरी लावून, पाणसळ धरून, वाळूच्या थरात बसवलेले दगड, एकही वर नाही, एकही खाली नाही. अंजीर, भोपळा, अंजीर, भोपळा. कडेची माती चापून बसवली होती. दहा वर्षांत मालाला हात न लावलेल्या माणसाने हे एकट्याने केलं होतं. शेजारीण कुंपणावरून बघत होती आणि तिच्या तोंडून नुसतं “अगं बाई!” निघालं.

“कसं वाटतंय?” मुकादमाने विचारलं. “आणि आई, तुझा हिशोब चुकला बघ. दहा दगडांत काम झालं. तीन दगड जास्त केलेस तू.” भिंतीला टेकवून ठेवलेल्या तीन दगडांकडे त्याने हसत बोट दाखवलं. “माणसाचं पाऊल दोन फुटांचं. दगडाच्या मध्यापासून पुढच्या दगडाच्या मध्यापर्यंत दोन फूट. सगळीकडे हेच माप असतं.”

ओळंबाबाईचं हसू तिथेच विरलं. चौकट धरून ती पहिल्या दगडावर उतरली. दोन्ही पाय त्यावर टेकले. मग तिने उजवा पाय पुढच्या दगडाकडे नेला. पाय हवेत थांबला, दगडापर्यंत पोचला नाही, आणि परत आला. तिने पुन्हा नेला. या वेळी टाच दगडाच्या कडेला लागली, पण डावा मागून येईना. मधल्या मातीत अंगठा रुतला आणि ती कलंडली.

मुकादमाने झेप घालून तिला धरलं. सुनेने धावत खुर्ची आणली. दोघांनी मिळून तिला तिच्यात बसवलं. अशी ओळंबाबाई त्या खुर्चीत बसली, आणि तेही दुसऱ्यांनी बसवल्यामुळे. सीटवर अजून वाळू होती. ती मांड्यांना टोचत होती.

“म्हणून सांगत होतो,” मुकादम म्हणाला. तो घाबरून पांढरा पडला होता, आणि घाबरलेली माणसं नेमकं नको तेच बोलतात. “दगड शोभेला राहू देत. छान दिसतात. पण चालायचा हट्ट सोड आता. उद्या काँक्रीटवाल्याला फोन करतो. दगडांच्या दोन्ही बाजूंनी टाकून घेऊ, म्हणजे खुर्ची फिरेल.”

त्या संध्याकाळी ओळंबाबाई जेवली नाही. सुनेने दोनदा बोलावलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिला रडू येत होतं आणि ते पडल्याचं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्याच्या मापाच्या पायऱ्या चढली ती. गवंडी म्हणतील तेवढ्या उंचीच्या फळ्या, मालक म्हणेल तेवढं ओझं. पायरी ओळखून राहा, असं प्रत्येकाने ऐकवलं होतं. म्हातारपणी एकदा स्वतःच्या पायाचं माप घेतलं, तेही पोटच्या पोराने चूक म्हणून भिंतीला टेकवून ठेवलं.

सकाळी चहाच्या वेळी मागून ठण्ण असा आवाज आला. मुकादम कपबशी टाकून धावला. ओळंबाबाई उंबऱ्यावर बसून, हात पोचेल तिथपर्यंत वाकून, पहारीने दुसरा दगड उपटत होती.

“आई! वेड लागलंय का तुला?”

“लागलंय. बाजूला हो.”

“दिवसभर खपलो मी त्यावर!”

“मी दीड महिना खपले. तू मला विचारलंस?” तिने पहार खाली ठेवली नाही. “कुणाचं पाऊल मोजलंस तू?”

“माणसाचं! सांगितलं ना काल. दोन फूट असतं माणसाचं...”

“मग मी कोण आहे?”

सून मुकादमाच्या मागे येऊन उभी राहिली होती.

“माझं पाऊल दीड फुटाचं आहे,” ओळंबाबाई म्हणाली. “उजवा पुढे, डावा त्याच्याजवळ. न्हाणीतून ओल्या पायांनी निघाले आणि फरशीवर मोजून घेतलं. वीस फुटांत तेरा. मी कमी शिकले असेन, पण मला मोजता येतं. तीन दगड जास्त नव्हते. तुझ्या वाटेत माझी तीन पावलं कमी होती.”

“पण तू पडशील!” मुकादम ओरडलाच. मग त्याचा आवाज फाटला. “त्या पायऱ्या मी बांधल्या. चकाचक पाहिजेत म्हणून मीच घासून घेतल्या. तू पडलीस तेव्हा मी वर उभा होतो. तो आवाज अजून कानात आहे माझ्या. मला भीती वाटते आई, कळत कसं नाही तुला?”

ती पडल्यापासून हे तो पहिल्यांदा बोलत होता. ओळंबाबाईने पहार मांडीवर आडवी ठेवली. तिला त्याचा राग आला होता तो कुठे गेला नाही, पण त्याच्या शेजारी दुसरंही काहीतरी येऊन बसलं.

“कळतं,” ती म्हणाली. “तुझी भीती तुझी आहे. ती तू सांभाळ. तिच्यासाठी मला खुर्चीत बसवू नकोस. मी पडले तर पडेन. उचलायला ये, नाही म्हणणार नाही. पण मी न पडताच तू मला उचलून ठेवलंयस.”

चुलीवरचा चहा उतू गेल्याचा वास आला, तरी सून जागची हलली नाही.

“पाणी आण,” ओळंबाबाई म्हणाली.

“प्यायला?”

“मातीवर ओतायला. आणि बाकीचे दगड उचल. सगळे.”

मुकादमाने दगड उचलले. एकेक करत दहाही काढले, माती भुसभुशीत केली, पाणी मारून थापून घेतली. मग ती उभी राहिली आणि तिने दोन्ही हात पुढे केले. त्याने ते धरले. तो पाठमोरा मागे सरकत गेला आणि ती ओल्या मातीत पाय टाकत पुढे येत गेली. उजवा, मग डावा. उजवा, मग डावा. अंगठा रुतायचा तिथे ती थांबायची, शिवी हासडायची आणि पाय काढायची. सून दारातून बघत होती. तिचे डोळे भरून आले, पण या वेळी कुणी तिला रडू नकोस म्हटलं नाही.

फाटकापाशी पोचल्यावर मुकादमाने तिच्या पाठीमागे पाहिलं. मातीत पावलांच्या जोड्या उमटल्या होत्या. त्याने बोटाने मोजल्या. मग पुन्हा एकदा मोजल्या.

“तेरा,” तो म्हणाला. त्याने भिंतीला टेकवलेल्या तीन दगडांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

पुढचे दोन दिवस परसात मुकादम बिगारी झाला आणि बिगारी मुकादम झाली. ओळंबाबाई उंबऱ्यावर, हातात थापी. ती तिने त्याच्या पिशवीतून न विचारता काढून घेतली होती. वाळू कमी झाली, आण. जास्त झाली, काढ. पाणसळ राहू दे बाजूला, इथे माझा डावा पाय तिरका येतो, दगड थोडा डावीकडे घे.

“आई, रेघ वाकडी होईल.”

“होऊ दे. मी वाकडी चालते.”

“लोक हसतील.”

“तुझी सरळ रेघ बघून शेजारीण अगं बाई म्हणाली आणि मी तोंडावर पडत होते. हसू देत लोकांना, त्यांचं पोट साफ होईल.”

रेघ वाकडी झाली. चौथा दगड डावीकडे, सातवा परत उजवीकडे, नववा आणि दहावा इतके जवळ की एकमेकांशी कुजबुजावेत. तिथे तिला दम लागायचा. मुकादम प्रत्येक दगडावर बसून, कुल्ले हलवून तो डगमगतो का ते बघायचा. सून म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदा यांना कुणाचं ऐकताना पाहिलं. त्यावर तो वाळू पसरत राहिला.

तीन दिवस दगड बसू दिले. चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ओळंबाबाईने केस विंचरले, स्वच्छ लुगडं नेसलं, काठी घेतली आणि कुणाला हाक न मारता मागचं दार उघडलं.

पहिल्या दगडावर तिचे दोन्ही पाय टेकले. पायाखाली अंजिराच्या पानाच्या शिरा लागल्या. उजवा पाय पुढे गेला आणि दगड तिथेच होता. डावा मागून आला, आणि त्यालाही जागा होती. तिने श्वास सोडला. दुसरा, तिसरा, मग चौथा डावीकडे. मुकादम दाढी करता करता खिडकीशी आला आणि अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून उभा राहिला. धावत सुटावं असं त्याला वाटत होतं. त्याने खिडकीचा गज धरून ठेवला.

नवव्यावर ती थांबली, दम घेतला. दहाव्यावर पुन्हा थांबली. कुणी “आई, पुरे” म्हटलं नाही. तेराव्या दगडावर उभी राहून तिने फाटकाची कडी वर केली. कडी गंजली होती, दोन हिसके द्यावे लागले. फाटक कुरकुरत उघडलं आणि ती काठीच्या आधाराने गल्लीत उतरली. वळून तिने फाटक ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली.

तेव्हा मात्र मुकादमाला राहवलं नाही. तो साबणासकट मागच्या दारातून धावला. पण दगड तिच्या पावलाचे होते. याचा पहिला पाय दगडावर पडला, दुसरा मातीत, तिसरा दगडाच्या कडेवर, आणि पाचव्या दगडापाशी तो लंगडी घातल्यासारखा एका पायावर उभा राहिला.

“आई! कुठे चाललीस?”

सोळा वर्षांचा असताना हा पोरगा रोज संध्याकाळी या फाटकातून निघायचा, आणि रोज ती दारातून हेच विचारायची. त्याने एकदाही धड उत्तर दिलं नव्हतं.

“बाहेर,” ओळंबाबाई म्हणाली, आणि गल्लीच्या वळणाकडे चालू लागली.